फोडशी बियांपासून: पहिल्या पेरणीपासून पहिल्या भाजीपर्यंत तीन पावसाळे

फोडशी या पावसाळी रानभाजीच्या शंभर बिया पेरल्या तर साधारण पंधरा-वीस उगवतात, आणि त्यातून आलेल्या रोपाची पानं भाजीला घेण्याजोगी व्हायला तिसरा पावसाळा उजाडतो. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण बहुतेक जण पहिल्या ऑक्टोबरातच पेरणीचं क्रेट रिकामं करून टाकतात. वर एक पानही दिसत नाही, म्हणजे रोपं गेली, असा त्यांचा समज होतो. रोपं गेलेली नसतात. वर्षातले सात-आठ महिने हे झाड जमिनीखालीच राहतं. पेरणी, पुनर्लागण, काढणी ही कामं सोपी आहेत. अवघड आहे ते या न दिसणाऱ्या महिन्यांत मुळी कुजू न देणं आणि वाळूही न देणं. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं निम्मं त्याचसाठी आहे.

फोडशीला कुठे कुलू म्हणतात, कुठे करली. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत जव्हार, मुरबाड, कर्जत, बदलापूरच्या बाजारात हिच्या जुड्या येतात. आणणाऱ्या बहुधा वारली, ठाकर, कातकरी किंवा महादेव कोळी समाजातल्या बाया असतात. शास्त्रीय भाषेत ही क्लोरोफायटम वंशातली झाडं. घरोघरी लटकत्या कुंडीत असतं ते स्पायडर प्लांट याच वंशातलं, पण ते मूळचं आफ्रिकेतलं. आपल्या डोंगरांत या वंशाच्या बऱ्याच जाती आहेत आणि बाजारातली एक जुडी सगळी एकाच जातीची असेल असं नाही. त्यातल्या दोन महत्त्वाच्या. एक क्लोरोफायटम बोरिविलियानम, म्हणजे सफेद मुसळी. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात तिचं वर्णन करताना बोरिवलीच्या नावावरून तिचं नाव ठेवलं. दुसरी क्लोरोफायटम ट्युबरोसम. वरून पाहून गोंधळ होतो, पण मुळ्या पाहिल्या की शंका राहत नाही. बोरिविलियानमच्या जाड मुळ्या थेट बुडख्यातूनच बोटांसारख्या निघतात आणि टोकाला निमुळत्या होतात. ट्युबरोसमच्या मुळ्या आधी दोऱ्यासारख्या बारीक जातात आणि गाठ टोकाला लोंबते. इथली मापं आणि वेळा बोरिविलियानमच्या आहेत. ट्युबरोसमलाही आम्ही तीच पद्धत वापरतो, फक्त तिच्या मुळ्या लांब जातात म्हणून माती जास्त खोल देतो.

बियांचा एवढा खटाटोप कशाला, बुडख्याचा तुकडा लावला की त्याच वर्षी झाड मिळतं, असं विचारलं जातं. खरं आहे. पण बाजारात विकायला येणारा बुडखा कुठून आला ते कळत नाही. मुसळीला औषधी बाजारात मोल आल्यापासून डोंगरउतारावरून ती मुळासकट उपटली गेली आहे. पानं खुडली तर झाड पुढच्या वर्षी पुन्हा येतं, बुडखा खणला तर ती जागाच रिकामी होते. बियांपासून वाढवलेल्या वाफ्यासाठी रानातलं एकही झाड हलवावं लागत नाही. शिवाय सगळा वाफा एकाच बुडख्याच्या तुकड्यांतून उभा असेल तर एखादा रोग आला की तो सरसकट जातो. बियांच्या रोपांत वेगवेगळेपणा असतो. काही लवकर फुटतात, काही जोराच्या पावसात तग धरतात.

आणखी एक कारण आहे, आणि भाजी म्हणून ते सगळ्यात महत्त्वाचं. जूनमध्ये रानात उगवणारी प्रत्येक लांब हिरवी पात फोडशी नसते. रानकांदा, गडांबी कांदा, कळलावी हे सगळे त्याच दिवसांत वर येतात आणि हे तिन्ही विषारी आहेत. फोडशीला खाली कांदा नसतो. खणल्यावर पापुद्र्यांचा कांदा हाती आला तर ती फोडशी नव्हे. कळलावीला कांदा नसतो, पण तिचा कंद नांगराच्या फाळासारखा दुहेरी असतो, खोड सरळ वर चढतं आणि पानांच्या टोकांना ताणे येतात. फोडशीची सगळी पानं जमिनीलगत एकाच जागेतून चक्रासारखी फुटतात, कडा किंचित लहरी असतात, खोड असं नसतंच. काळी मुसळी ही आणखी एक वेगळी वनस्पती, तिची पानं चुणीदार असतात आणि फूल पिवळं असतं. आपण पेरलेल्या वाफ्यात ही शंका उरत नाही, आणि मुलांच्या ताटात वाढताना ते फार मोलाचं आहे.

बी कधी आणि कसं धरायचं

फुलांचा दांडा जुलैत वर येतो. फुलं पांढरी, सहा पाकळ्यांची, पिवळ्या परागकोशांची, आणि दांड्यावर खालून वर क्रमाने उमलतात. बोंडंही त्याच क्रमाने पिकतात. त्यामुळे एकाच दिवशी सगळा दांडा कापला तर खालची बोंडं फुटून गेलेली असतात आणि वरची हिरवी असतात. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दर तीन-चार दिवसांनी वाफ्यावरून फिरावं लागतं. बोंड तीन धारांचं असतं. हिरव्याचं पिवळट तपकिरी झालं आणि धारेवर बारीक चीर दिसली की ते तोडायचं. हिरवं तोडून घरात पिकवलेलं बी काळं दिसतं, पण आत पोचट असतं. उगवण कमी येते त्यामागे हे एक मोठं कारण आहे. आणि पावसाच्या झोडीत चीर पडलेलं बोंड एका रात्रीत रिकामं होतं, म्हणून जोराच्या पावसाचा अंदाज असला की आदल्या संध्याकाळी फेरी मारायची. ज्यांना इतक्या फेऱ्या शक्य नाहीत त्यांनी दांड्यावर जुन्या मलमलीची पिशवी सैल बांधावी. प्लास्टिकची नको, आत घाम धरतो आणि बोंडं बुरशीने काळी पडतात.

बी काळं, कोनाकोनाचं, दिसायला पुष्कळसं कांद्याच्या बियांसारखं. बोंडातून काढून सुपात सावलीत आठवडाभर वाळवायचं. मग फुंकर घालून हलकं उडवून द्यायचं. उरलेलं पाण्यात टाकून पाहण्याची पद्धत आहे, तरंगतं ते टाकायचं. पण ती पेरणीच्या दिवशी वापरावी, साठवणीआधी नाही. भिजवून पुन्हा वाळवलेलं बी टिकत नाही.

साठवण कोकणात आणि देशावर वेगळी करावी लागते. देशावर कागदी पाकिटात घालून फडताळात ठेवलं तरी चालतं. कोकणात, ठाणे-पालघरमध्ये हवेतली ओल बी मारते. तिथे घट्ट झाकणाचा डबा घ्यायचा, तळाशी दोन बोटं कोरडी चाळलेली राख किंवा कढईत परतून गार केलेले तांदूळ, त्यावर बियांचं कागदी पाकीट. पाकिटावर वर्ष आणि जागा लिहायची. फ्रीजमध्ये आम्ही ठेवत नाही. रानात हे बी एप्रिल-मेच्या तापलेल्या जमिनीत पडून असतं आणि त्या उन्हाळ्यातून गेल्यावरच पावसाला दाद देतं. ताजं बी सप्टेंबरात पेरलं तर जवळपास काहीच वर येत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये डबा घरातल्या गरम खोलीत, पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवतो. उघड्या उन्हात नाही. एका पावसाळ्यात धरलेलं बी पुढच्या पावसाळ्यात पेरायचं. त्यापलीकडे ठेवलेल्या बियांचा जोर उतरत जातो.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किंवा कुठलंही अभयारण्य असेल तिथून बी, पान, मुळी काहीही आणायचं नाही. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि तिथलं बी तिथेच पडायला हवं. ज्यांच्या शेताच्या बांधावर किंवा वरकस जमिनीत फोडशी येते अशा शेतकऱ्याकडून, त्याला मोबदला देऊन, दहा-बारा वेगवेगळ्या झाडांची थोडी थोडी बोंडं घ्यावीत. एकाही झाडाचा पूर्ण दांडा रिकामा करू नये.

पेरणी

फोडशीच्या बियांचं कवच कठीण असतं आणि आतला गर्भही सावकाश जागा होतो. प्रयोगशाळेत जिबरेलिक आम्ल या वाढीच्या संप्रेरकात बी भिजवून उगवण वाढवतात. घरच्या वाफ्यासाठी त्याची गरज नाही. जाडसर वाळू बियांच्या दुपटीने घेऊन, दोन्ही एकत्र तळहातांत किंवा जुन्या गोणपाटाच्या तुकड्यात पाचेक मिनिटं चोळायचं. काळी चकाकी गेली, बी मंद दिसायला लागलं की थांबायचं. त्याहून जोर लावला तर कोन तुटतात आणि भिजल्यावर बी सडतं. मग चोवीस तास साध्या पाण्यात ठेवायचं, मध्ये एकदा पाणी बदलायचं. तळाशी बसलेलं घ्यायचं, तरंगणारं सोडायचं.

वेळ म्हणजे मृगाच्या आगेमागे, साधारण जूनचा पहिला आठवडा. पाऊस दाराशी असावा पण लागून राहिलेला नसावा. उशीर झाला तर रोपाला मुळी जाड करायला दिवसच उरत नाहीत, कारण सप्टेंबर संपता संपता पानं पिवळी पडायला लागतात, रोप लहान असो की मोठं. जूनअखेर उगवलेल्या आणि ऑगस्टात उगवलेल्या रोपांच्या मुळ्या पहिल्या वर्षाअखेर शेजारी ठेवल्या तर फरक डोळ्यांना दिसतो, आणि पुढच्या वर्षी फुटतील की नाही ते त्या जाडीवरच ठरतं.

प्लास्टिकचं भाजीचं क्रेट यासाठी उत्तम. आतून गोणपाट लावायचं आणि किमान २० सेंमी माती भरायची. उथळ रोपट्रे वापरू नका. त्यात उगवण छान होते, पण मे महिन्यात पाच-सहा सेंमी माती आरपार तापते आणि बारीक मुळ्या खारकेसारख्या आक्रसतात. मिश्रण आम्ही असं घेतो: दोन पाट्या तांबडी माती, एक पाटी चाळलेलं पालापाचोळ्याचं खत, एक पाटी जाड वाळू. काळी माती नकोच. पावसात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगेबरोबर मुळी तुटते. विदर्भ-मराठवाड्यात दुसरी माती मिळतच नसेल तर काळीत निम्मी वाळू-मुरूम मिसळून वाफ्याची गादी उंच करावी. शेणखत घालायचं तर पुरतं कुजलेलं, हाताला मातीसारखं लागणारं. कच्च्या शेणात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते आणि हुमणीला फोडशीच्या मुळीइतकं रसाळ खाणं दुसरं नाही. खतात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवलं आणि मग वापरलं तर रोपं कोलमडण्याचं प्रमाण बरंच कमी राहतं.

ओळी ५ सेंमी अंतरावर, खोली अर्धा सेंमी. उगवण कमी आहे हे धरून ओळीत बी दाट टाकायचं, एकमेकांपासून साधारण एक सेंमीवर. वरून चाळलेली वाळू आणि त्यावर सुक्या गवताचा पातळ थर. हा थर फार कामाचा आहे. पहिल्या वळवाचे टपोरे थेंब उघड्या मातीवर पडले की बी ओळीतून उठून एका कोपऱ्यात जमा होतं. क्रेट थेट पागोळीखाली ठेवायचं नाही, तेही याचसाठी. पन्नास टक्के शेडनेट किंवा झाडाची विरळ सावली पुरते.

बारा ते वीस दिवसांत पहिली पाती दिसतात. उरलेली जुलैभर एकेक करून येत राहतात, काही पुढच्या पावसाळ्यातही येतात. म्हणून पहिल्या वर्षी माती फेकायची नाही. रोप उगवताना अगदी गवताच्या एका काडीसारखं दिसतं आणि निंदताना सगळ्यात जास्त रोपं इथेच जातात. ओळख अशी: गवताला कांडं असतं, बुडाशी पातीची गुंडाळी खोडाला धरून असते, बोट उलटं फिरवलं तर खरखर लागते. लव्हाळ्याचा बुडखा बोटांत फिरवला तर तीन कोन लागतात. फोडशीची पात मऊ, गुळगुळीत, मध्ये पन्हळ असलेली, आणि बुडाशी पांढुरकी. तरीही शंका असेल तर तिसरं पान येईपर्यंत हात लावू नये. ओळीतच पेरायचं, फोकून नाही, हे यासाठीच: ओळीबाहेरचं सगळं बिनधास्त उपटता येतं.

या वयात दोन गोष्टी घात करतात. पहिली मर, म्हणजे रोप बुडाशी पाणचट होऊन आडवं पडणं. चार-पाच दिवस झड लागली आणि क्रेटच्या तळाची भोकं बुजली असली की ती येतेच. क्रेट विटांवर उचलून ठेवायचं, पाऊस लागून राहिला तर वरून तिरकं प्लास्टिक धरायचं, बाजू मोकळ्या ठेवून. दुसरी गोष्ट शेंबड्या गोगलगायी. त्या रात्री येतात, एका ओळीची कोवळी पाती फस्त करतात, सकाळी फक्त चकाकता माग दिसतो. क्रेटभोवती कोरड्या राखेचा पट्टा पावसात टिकत नाही. ओलं गोणपाट संध्याकाळी शेजारी पसरून ठेवायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ मातीत सांडता कामा नये.

पहिल्या वर्षी खत, फवारणी, पुनर्लागण काही करायचं नाही. पानं तीन ते पाच येतात, अरुंद असतात. फूल बहुधा येत नाही. खाली एक-दोन मुळ्या काडीएवढ्या जाड होतात. एवढं झालं तर वर्ष पदरात पडलं.

ऑक्टोबर ते मे

सप्टेंबरच्या शेवटी पानांची टोकं पिवळी पडतात, ऑक्टोबरात पानं गळून मातीवर पसरतात आणि दिवाळीपर्यंत क्रेटमध्ये माती सोडून काही दिसत नाही. रोग आला, पाणी कमी पडलं, खत कमी पडलं, असं वाटून इथे लोक पाणी वाढवतात. पानं गेल्यावर मुळीला पाणी ओढायचं कारण राहत नाही. ओल तशीच बुडख्याशी साचते, बुरशी धरते आणि महिन्याभरात मुळी आतून पिठासारखी होते. वरून काही कळत नाही. कळतं ते थेट पुढच्या जूनमध्ये, जेव्हा काहीच फुटत नाही. फोडशी उन्हाने मरते त्याच्या कितीतरी पट थंडीतल्या पाण्याने मरते.

म्हणून पहिलं पान पिवळं झालं की पाणी कमी करायचं, शेवटचं पान गळलं की बंद. वाळलेली पानं ओढून काढायची नाहीत. त्यांच्याबरोबर बुडख्याचा डोळा निघून येतो. ती आपोआप सुटू द्यावीत. क्रेटवर नाव आणि वर्षाची पाटी खोचायची, नाहीतर घरातलंच कोणीतरी त्यात कोथिंबीर पेरतं आणि तिला रोज पाणी घालतं. परतीचा पाऊस किंवा अवकाळी येईल तेव्हा भिजू नये म्हणून क्रेट पडवीत किंवा ओसरीला घ्यायचं.

मार्चनंतर काळजी उलटी होते. आता धोका वाळण्याचा. क्रेट भिंतीच्या उत्तरेला, पूर्ण सावलीत, वर चार बोटं सुका पाला. तेव्हाही पाणी नको, २० सेंमी मातीच्या तळाशी असते तेवढी ओल पुरते. घूस आणि उंदीर या दिवसांत मुळ्यांचा माग काढतात, म्हणून वरून बारीक जाळी बांधायची. डोंगरालगतच्या वाफ्यांत रानडुक्कर आणि साळिंदर एका रात्रीत सगळं उकरतात. तिथे पहिली दोन वर्षं तरी जाळी लावलेलं क्रेटच बरं.

दुसरा पावसाळा: वाफ्यात

पुनर्लागण मेच्या शेवटच्या आठवड्यात, मुळ्या निजलेल्या असतानाच करायची. एकदा कोंब हलला की मुळी फार नाजूक होते, धक्का लागला की वर्ष मागे जाते. क्रेट आडवं करून माती हलक्या हाताने मोकळी करायची, खुरपं वापरायचं नाही. प्रत्येक मुळीच्या वरच्या टोकाला तपकिरी चकती दिसेल, तिच्यावर जुन्या पानांचे धागे असतील. डोळा त्या चकतीवरच असतो. चकती तुटलेली मुळी कितीही जाड, कितीही ताजी असली तरी फुटत नाही. मोठ्या बुडख्याचे तुकडे करून लावतात तेव्हाही प्रत्येक बोटाला चकतीचा भाग लागतोच. ज्यांनी नुसत्या मुळ्या विकत घेऊन लावल्या आणि काही उगवलं नाही, त्यांचं बहुधा इथेच बिनसलेलं असतं.

वाफा गादीचा, एक मीटर रुंद, ३० सेंमी उंच. कोकणात तो ४० सेंमी उंच केला तर बरं. दोन गाद्यांमधली चारी उताराला मोकळी सोडायची. हे सगळं पाणी साचू नये म्हणून. रानात फोडशी कुठे येते ते पाहिलं की याचं कारण कळतं: सागाच्या विरळ सावलीत, कातळाच्या कडेच्या मुरमाड मातीत, उतारावर. धो धो पाऊस पडतो, पण बुडख्याशी पाणी थांबत नाही. अंतर ३० बाय १५ सेंमी, चकती वर करून, वरून दोन-तीन सेंमी माती. चौरस मीटरला दोन-तीन किलो कुजलेलं खत पुरे. युरिया देऊ नये. पानं लुसलुशीत होतात, पण जोराच्या पावसात करपा धरतात आणि मुळी पाणचट राहते.

ऊन अर्ध्या दिवसाचं असावं. गर्द सावलीत पानं लांबट आणि लोळणारी येतात, मुळी जाड होत नाही. पुणे, नगर, सोलापूरकडे पावसाची उघडीप पंधरा दिवसांपलीकडे गेली तर आठवड्यातून दोनदा पाणी द्यावं लागतं. कोकणात पावसाळ्यात पाणी द्यायचा प्रश्नच येत नाही.

या वर्षी काही झाडांना दांडा येतो. येऊ द्यावा, बी धरावं. पान मात्र तोडू नये. हातात टोपली आणि समोर हिरवागार वाफा असताना हे जड जातं, पण दुसऱ्या वर्षी खुडलेल्या झाडाची मुळी ऑक्टोबरात खुडलेल्या पानांच्या हिशेबाने बारीकच निघते. ऑक्टोबर ते मे पुन्हा तोच नियम: पाणी बंद, वर पाला. वाफ्यात माती खोल असल्याने उन्हाळ्याची चिंता आता कमी असते.

तिसरा पावसाळा आणि भाजी

पहिल्या चांगल्या पावसानंतर आठवड्याभरात कोंब वर येतात. वीतभर पान झालं की काढणी. झाडाची बाहेरची दोन-तीन पानं बुडाजवळ धारदार सुरीने कापायची, मधला गाभा आणि आतली पानं सोडायची. महिन्यात एकदाच, आणि फुलाचा दांडा दिसेपर्यंतच. दांडा आला की पान चिवट होतं, शिजवलं तरी दोरे लागतात. म्हणजे भाजीचा हंगाम तीन-चार आठवड्यांचाच आहे. चार माणसांच्या घराला आठवड्यातून एकदा भाजी हवी असेल तर शंभर झाडं लागतात, तेवढी साधारण पाच चौरस मीटरमध्ये बसतात. त्यातली निम्मी झाडं दरवर्षी आळीपाळीने न खुडता सोडायची. ती बी देतात आणि पुढच्या वर्षीची मुळी भरतात.

निवडताना बुडाकडचा पांढरा कडक भाग कापून टाकायचा. माती तिथेच, पानांच्या बेचक्यात अडकलेली असते. प्रत्येक पान सुटं करून तीन-चार पाण्यांतून काढायचं, पान जून वाटलं तर मधला दांडा ओढून काढायचा. मग बारीक चिरायचं. तेलात ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची, त्यावर पानांच्या निम्मा कांदा, तो पारदर्शक झाला की तासभर भिजवलेली मूठभर मूगडाळ, शेवटी पानं. पाणी घालायचं नाही, पानांच्या ओलीत डाळ शिजते. झाकण पहिल्या पाच मिनिटांपुरतं. मीठ शेवटी, कारण भाजी निम्म्याने बसते. वर ओलं खोबरं. काही घरांत बेसन पेरून कोरडी करतात, तीही तांदळाच्या भाकरीबरोबर फार छान लागते.

मुळ्या खणायच्या असतील तर तिसऱ्या वर्षाच्या आधी हात लावू नये, आणि तेव्हाही एका वर्षी वाफ्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त नाही. पानं गळून दीड-दोन महिने झाले, साल गडद तपकिरी झाली की मुळी भरलेली असते. मोठी बोटं काढून घ्यायची, चकतीसह बारीक बोटं लगेच परत लावायची. मुळ्या धुऊन, सोलून, उन्हात वाळवल्या की पांढऱ्या होतात. पाच किलो ओल्यांची जेमतेम किलोभर उरते. औषध म्हणून घ्यायची तर वैद्यांना विचारून. आमच्या मते घरच्या वाफ्याचा खरा लाभ पानांचाच आहे.

शहरात गच्ची किंवा बाल्कनी असेल तर ३० सेंमी खोल आणि तेवढ्याच रुंद पिशवीत चार झाडं बसतात. मिश्रण तेच, फक्त वाळू दीडपट, कारण पिशवीतली माती बसते. तळाला सहा-सात भोकं आणि पिशवी विटांवर. सकाळचं ऊन मिळणारी पूर्वेची बाल्कनी चांगली. पश्चिमेला एप्रिलमध्ये पिशवीची बाजू तापते, तिथे गोणपाट गुंडाळावं. नोव्हेंबरात पिशवी उचलून आत, पंख्याच्या खोलीतल्या कोपऱ्यात ठेवली तरी चालते, उजेडाची गरज नसते. फक्त ती रिकामी समजून तिच्यात मिरचीचं रोप लावू नका. मिरचीला घातलेलं पाणी खाली निजलेल्या मुळ्यांना पोचतं, आणि जूनमध्ये मिरची असते, फोडशी नसते.